परक्याला पूर्ण संरक्षण

सदस्य निवास
३ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

‘वन्सं’ वाचून तू नाक मुरडणार, ठाऊक आहे. पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत ‘माननीय, माननीय’ ऐकून माझे कान किटले आहेत. घरातली एखादी जुनी हाक लिहिली की जरा हायसं वाटतं. आणि मी वहिनी आहे, तुला चिडवण्याचा हक्क मला लग्नातच मिळालाय.

फोन का करत नाही म्हणून रागावू नकोस. सभागृहात फोन नेता येत नाही, तो इथेच खोलीत पडून असतो. शिवाय फोनवर आपण दोघी ‘जेवलीस का, झोपलीस का’ यापलीकडे जात नाही. पत्रात तू खरं बोलतेस.

इथे मला चैन पडत नाही. शेवटच्या बाकावर, एका खांबाच्या आड बसते. निवडून येऊन इतके महिने झाले, अजून एक शब्द बोललेले नाही. भूगोलाच्या तासाला चाळीस पोरांना गप्प बसवणारी मी, इथे स्वतःच गप्प! आता मात्र पाळी आली आहे. परदेशी गुंतवणुकीचा करार मंजुरीला आलाय. आपली गोदी जी कंपनी घेणार तिच्यासाठीच तो चाललाय म्हण ना. त्याच्या सहाव्या कलमात लिहिलंय की गुंतवणूकदाराला, त्याच्या मालमत्तेला आणि त्याच्या माणसांना ‘पूर्ण संरक्षण’ मिळेल. भांडण झालं तर आपल्या कोर्टात जायचं नाही, तिसऱ्याच देशातले तीन पंच निकाल देणार. आपलं घर, आपली भिंत, आणि खिळा कुठे ठोकायचा ते शेजारी सांगणार!

कराराच्या चर्चेच्या दिवशीच गुन्हेगारीवरची चर्चा पण ठेवली आहे. गृहमंत्री म्हणतात चोऱ्या घटल्या. बंदराच्या गावांत कारखाने बंद पडल्यापासून काय चाललंय ते आपल्याला विचारा. मी गोदीच्या गावची, म्हणून पक्षाच्या प्रतोदांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. प्रतोद म्हणजे आमचे वर्गशिक्षक. कुणी कधी बोलायचं, कधी हात वर करायचा, सगळं तेच सांगतात. त्यांनी मला आकड्यांचा गठ्ठा पाठवलाय. मला आकडे नकोत गं, माणसं हवीत. गल्लीत काय चाललंय ते लिही.

आणि धाकटा कुठे आहे? दोरखंडाचा कारखाना बंद झाल्यापासून त्याचा पत्ता नाही. तुझा दादा बोटीवर, त्याला विचारायची सोय नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा हा दीर माझ्या कमरेएवढा होता, आईवेगळा. माझ्या हातून दोन घास पोटात गेल्याशिवाय शाळेत जात नसे. आता तिशीचा झाला तरी माझा जीव त्याच्यातच अडकतो.

भावोजींना नमस्कार. लवकर लिही.

तुझी,
वहिनी

*

९ फेब्रुवारी

वहिनी,

तुला माणसं हवी होती ना? घे.

परवा दुपारी आपलं ताडपत्रीचं दुकान फुटलं. कराराविरुद्धची सभा होती म्हणून जवळजवळ सगळी गल्ली गोदीवर गेली होती, मीही गेले होते. हे अंगात ताप म्हणून मागच्या खोलीत झोपले होते. दुकान बंद, म्हणजे घरात कुणी नाही असंच कुणालाही वाटलं असतं. शिवणयंत्रांच्या दोन्ही मोटारी काढताना आवाज झाला, हे उठून आले, आणि ताडपत्रीला कड्या ठोकायचा आपला लोखंडी दांडा यांच्या डोक्यात बसला.

मी वाचायचा चष्मा विसरले म्हणून अर्ध्या वाटेवरून परतले होते. नाहीतर आज हे पत्र वेगळं असतं. माझी किंकाळी ऐकून समोरच्या अतिथीगृहातून लंबू धावत आला. लंबू म्हणजे कंपनीने मोजणीला पाठवलेल्यांपैकी सगळ्यात उंच तो परदेशी. त्याच्या तंबूचं कापड मी शिवते आहे. आपली भाषा त्याला तीन शब्दांपलीकडे येत नाही. पण त्याने यांना लहान मुलासारखं उचललं, छातीशी धरलं आणि गाडीची वाट न पाहता दवाखान्यापर्यंत पळाला. त्याचा सदरा रक्ताने माखला होता. सभेला न गेलेले आमचे शेजारी तेवढ्यात ‘काय झालं, काय झालं’ एवढंच विचारत होते.

टाके पडलेत. डाव्या डोळ्याने दिसत नाही. डॉक्टर म्हणतात वाट पाहा. क्रेनवर चाळीस फूट वर बसणारा माणूस, एका डोळ्याने काय करणार? मी त्यांच्यासमोर हसते आणि मोरीत जाऊन रडते.

पोलीस आले होते. यांनी सांगितलं, ओळखलं नाही. मीही तेच सांगितलं. तू विचारशील, कोण होता? मी एवढंच लिहिते की ज्याने यांच्यावर हात उचलला तो आता आम्हाला परकाच. पुढे विचारू नकोस. आणि यातलं एक अक्षरही भाषणात घालू नकोस, तुला माझ्या गळ्याची शपथ.

धाकट्याचं विचारलंस. तो इथे नाही. कुठे आहे मला ठाऊक नाही.

तुझी वन्सं (घे, म्हटलं!)

*

सदस्य निवास
१६ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

आधी पाया पडते, मग सांगते. मी बोलले. आणि तुझी शपथ मोडली.

तुझं पत्र वाचलं आणि लगेच पिशवी भरायला घेतली. निघूनच यायचं होतं. प्रतोद म्हणाले, जाऊन काय करणार, बोललात तर काही होईल. मला ते पटलं. पटवून घेतलं म्हण हवं तर. भावोजींच्या डोक्याला टाके पडलेत आणि मी इथे ‘अमुक टक्के घट’ ऐकत बसू? माझ्याच्याने होईना.

मी म्हणाले, “अध्यक्ष महोदय, गेल्या आठवड्यात भरदुपारी माझ्या नणंदेच्या घरात एक परका माणूस शिरला. तिच्या नवऱ्याचा डोळा गेला. सहाव्या कलमात परक्याला पूर्ण संरक्षण आहे. माझ्या नणंदेच्या नवऱ्याला संरक्षण देणारं कलम कितवं, ते गृहमंत्र्यांनी सांगावं.” वन्सं, आमच्या बाजूची सगळी बाकं अशी वाजली की मला माझंच ऐकू येईना. समोरून कुणीतरी ओरडलं, “परका म्हणजे कोण? नाव घ्या!” मला काय झालं कोण जाणे. म्हणाले, “तिच्या दारासमोरच्या अतिथीगृहात कंपनीची माणसं उतरली आहेत. नाव तुम्हीच शोधा!”

झालं. सगळ्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर तेच. सरकारचे दोन मित्रपक्ष डळमळले, मतदान पुढे ढकललं गेलं. गृहमंत्र्यांना उभं राहून सांगावं लागलं की आरोपीला लगेच पकडू. खांबाआडच्या बाईला आता लोक चहाला बोलावतात.

आणि आनंदाची गोष्ट शेवटी ठेवली आहे. धाकटा इथे आहे! भाषणाच्या दोन दिवस आधी दारात उभा. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली. काम शोधायला आलो म्हणाला. मी काही विचारलं नाही, आधी जेवायला वाढलं. तुझं पत्र वाचून दाखवलं तर पांढराफटक पडला, भावोजींवर फार जीव ना त्याचा. भाषणाची तालीम त्याच्यासमोरच केली. अतिथीगृह अगदी समोर आहे हे त्यानेच आठवण करून दिलं. म्हणाला, “कोण कुठले ते लोक, वहिनी, कुणाला माहीत!” माझा फोन सांभाळतो, फाटकावरून टपाल आणतो, कपडेसुद्धा वाळत घालतो. इतक्या वर्षांनी कुणीतरी माझी वाट बघत असतं संध्याकाळी.

रागावलीस ना? पण गुन्हेगार सापडेल आता.

तुझी,
वहिनी

*

१९ फेब्रुवारी

वहिनी,

हो, सापडला! तुझ्या भाषणाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अतिथीगृहाच्या सगळ्या काचा फुटल्या. फोडणारे कोण, तर त्या दिवशी ‘काय झालं’ विचारत उभे होते तेच. लंबूला रस्त्यावर ओढलं. पोलीस आले ते त्याला वाचवायला नव्हे, धरायला. त्याच्या बॅगेत रक्ताने माखलेला सदरा सापडला म्हणे. ते रक्त यांचं आहे, खरंच आहे यांचं! यांना छातीशी धरून पळाला तेव्हा लागलेलं रक्त आता त्याच्या गळ्यात अडकलंय.

मी चौकीत गेले. साहेबांना सांगितलं, हा नव्हता. ते हसले. म्हणाले, बाई, तुम्हीच लिहून दिलंय की ओळखलं नाही. ओळखलंच नाही तर हा नव्हता हे कशावरून? आणि तुमच्या वहिनींनी सभागृहात सांगितलंय, ते खोटं का?

मी चौकीच्या पायऱ्या उतरले.

परका म्हणजे परदेशी, हे तुला कुणी शिकवलं? पोरांना भूगोल शिकवलास, भाषा कोण शिकवणार होतं? मी शपथ घातली होती. शपथेचं जाऊ दे, माणूस कोठडीत आहे. तू उभी राहा आणि सांग की तुझी चूक झाली. कोण होता ते मला विचारू नकोस, कोण नव्हता तेवढं सांगते.

तुला फोन केला होता. उचलला दुसऱ्यानेच, म्हणून मी ठेवला. पत्रही तुझ्या हाती पडण्याआधी किती हातांतून जातं कोण जाणे, म्हणून जास्त लिहीत नाही. तुझ्या पाहुण्याला इकडे पाठवून दे. यांना धरून चालवायला घरात पुरुषमाणूस हवा आहे असं सांग. ताई रागावलेली नाही म्हणावं.

तुझी,
वन्सं

*

सदस्य निवास
२२ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

तुझं पत्र चारदा वाचलं आणि चारही वेळा जास्तच गोंधळले. तू मला भाषा शिकवतेस, शिकते. पण थोडं साध्या मराठीत सांग ना. कोण होता ते तुला माहीत आहे, असंच वाटतं. मग सांगत का नाहीस?

मी प्रतोदांकडे गेले होते. सभागृहात ‘वैयक्तिक खुलासा’ करता येतो. आपण बोललो त्यात चूक झाली तर उठून दुरुस्त करायची. पण ते म्हणाले, “बाई, काय खुलासा करणार? तो नव्हता म्हणाल तर विचारतील, मग कोण होता? तुम्हाला माहीत आहे का? नाही? मग बसा. मतदान होऊ द्या. करार पडला की चार दिवसांत त्याची वकिलात त्याला सोडवून नेईल.” आणि ते अगदीच चूक आहे असं मला वाटत नाही, वन्सं. करार वाईट आहे. आपली सबंध गोदी जाते आहे त्यात. एका माणसाचे चार दिवस आणि एका गावाची चार पिढ्यांची रोजी, तूच तोल. मला झोप लागत नाही. खोलीत येरझाऱ्या घालते तेव्हा धाकटा म्हणतो, वहिनी, बस आता.

एक विचारू? चिडणार असशील तर चीड. कंपनीच्या तंबूंचं सगळं काम तुला मिळणार आहे, असं धाकट्याच्या कानावर आलंय. भावोजींना एका डोळ्याने चालेल असं काही काम कंपनी देणार, असंही म्हणतो. खरं असेल तर मला सांगितलं असतंस तरी मी समजून घेतलं असतं. आपली माणसं विकत घेण्यात ते लोक पटाईत असतात, आणि अडला माणूस काय करणार.

धाकटा यायला तयार नाही. तुझा निरोप दिला तर म्हणाला, ताईला माझं तोंड बघायचं नसेल. का गं? भांडलात का तुम्ही?

तुझी,
वहिनी

*

२५ फेब्रुवारी

वहिनी,

हे पत्र मुद्दाम तुझ्या सभागृहाच्या पत्त्यावर पाठवते आहे. तिथे उभ्याने वाच, खोलीवर नेऊ नकोस.

माझी माणसं विकली गेली म्हणालीस. पहिल्यांदा वाटलं हे पत्र फाडून टाकावं आणि तुझं नावच टाकावं. मग कळलं की हे तुझ्या तोंडून कोण बोलतंय.

धाकटा होता.

कुलूप फुटलं नव्हतं. मागच्या दाराची किल्ली त्याच्याकडे लहानपणापासून आहे. कारखाना बंद पडल्यावर तो गोदीवरच्या टोळीत उठबस करू लागला. आधी दोरखंड उचलले, मग लोकांच्या बोटींची इंजिनं. मला कळत होतं. मी त्याला बोलले, दटावलं, आणि शेजाऱ्यांसमोर ‘काम शोधतोय बिचारा’ म्हणत राहिले. त्या दिवशी दुकान रिकामं समजून तो आला. हे उठून आले आणि यांनी त्याला नाव घेऊन हाक मारली. ‘काय करतोस रे’ एवढंच. त्याने मारलं. मी मागच्या बोळातून त्याला पळताना पाहिलं. त्याने मला पाहिलं.

यांनी शुद्धीवर आल्याबरोबर माझा हात धरला आणि म्हणाले, ओळखलं नाही असं सांगायचं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मीही सांगितलं. तुला सांगितलं नाही, कारण तुझ्या हातून जेवलेलं पोर ते. तू तिथे दूर, दादा बोटीवर, तुला हे कळून तू काय केलं असतंस? शिवाय तुझी खुर्ची. दीर चोर निघाला तर तुला कोण विचारणार होतं? मी तुला वाचवायला गेले आणि तू त्याच दगडाने दुसऱ्याचं डोकं फोडलंस.

पत्र काढून बघ. ‘तो आता आम्हाला परकाच’ असं लिहिलं होतं. आपला होता, आता परका झाला, म्हणून ‘परकाच’. परका असता तर ‘च’ कशाला लावला असता? तू ‘आता’ गाळलास, ‘च’ गाळलास आणि उरलेला शब्द घेऊन सभागृहात उभी राहिलीस. मास्तरणीने शुद्धलेखनात एवढी चूक करावी!

आणि काखेत कळसा, गावाला वळसा. सगळ्या देशाला चोर शोधायला लावून तू त्याच्याशी गप्पा मारत बसली आहेस.

लंबूच्या दोन बरगड्या मोडल्या आहेत, कोठडीत. काल मला आत सोडलं. त्याने मला ओळखलं आणि त्याच्या तीन शब्दांपैकी एक वापरला. ‘बरा?’ म्हणाला. यांच्याबद्दल विचारत होता.

मी चौकीत जाऊन खरं सांगायला तयार आहे. हेही आता हो म्हणाले. पण साहेब म्हणतात, वरून दबाव आहे, चुकीचा माणूस धरला असं गृहमंत्र्यांना आत्ता कबूल करायचं नाही, मतदान होईपर्यंत जबाब बदलून घेणार नाही. म्हणजे दार तुझ्याच हातात आहे. मी शपथ घालत नाही. घातली होती तिचं काय झालं ते पाहिलं.

वन्सं

*

सदस्य निवास
२ मार्च

प्रिय वन्सं,

तुझं पत्र मी सभागृहाच्या दारात वाचलं. जागेवर जाऊन बसायला हवं होतं, पण दाराशीच उभी राहून ते पुन्हा वाचलं. मग जेवणाच्या सुट्टीत खोलीवर गेले. तू नको म्हणाली होतीस तरी गेले.

तो माझ्या टेबलाचा हलणारा पाय दुरुस्त करत बसला होता. मी पत्र त्याच्यासमोर ठेवलं. त्याने वाचलं. मला वाटत होतं तो म्हणेल, खोटं आहे. मी देवाला विनवत होते, असं म्हण, म्हण. तो म्हणाला, “त्यांनी हाक मारली नसती तर पळालो असतो वहिनी. नाव घेऊन मारली.” मी त्याच्या थोबाडीत दिली. जन्मात पहिल्यांदा. मग त्याला जवळ घेतलं आणि दोघं रडलो. काय बरोबर काय चूक, मला त्या वेळी काही कळत नव्हतं. लंबूकडे बोट दाखवताना तुला काही वाटलं नाही का, असं विचारलं. म्हणाला, “वाटलं. पण तुम्ही इतक्या छान बोलत होता.”

मी म्हटलं, तीन वाजता मी उभी राहणार आहे. तुझं नाव घेणार आहे. पळ असं म्हटलं नाही, थांब असंही म्हटलं नाही. तेवढी हिंमत माझ्यात नव्हती. प्रेक्षक गॅलरीचा पास टेबलावर ठेवला आणि निघाले.

दारात प्रतोद भेटले. मी सांगितलं. त्यांनी आधी समजावलं, मग हात जोडले. “बाई, मतदान दोन तासांवर आहे. नंतर काय तो खुलासा करा, कोण अडवतंय? आत्ता केलात तर करार पास होईल आणि तो तुमच्या नावावर जाईल.” मी म्हटलं, तो माणूस कोठडीत आहे. ते म्हणाले, दोन तासांनी काय मरतोय? तेवढ्यावर माझं ठरलं.

अध्यक्षांनी परवानगी दिली. मी म्हणाले, “माझ्या नणंदेच्या घरात शिरलेला माणूस परका नव्हता. तो माझा दीर आहे. मी त्याला लहानाचा मोठा केला. अतिथीगृहातल्या ज्या माणसाकडे मी बोट दाखवलं त्याने माझ्या नणंदेच्या नवऱ्याचा जीव वाचवला, आणि माझ्यामुळे त्याने मार खाल्ला. मी त्याची माफी मागते.”

समोरची बाकं आता वाजू लागली. माझ्या शेजारच्या बाईंनी आपले कागद आपल्याकडे ओढून घेतले. आणि वर गॅलरीत एक माणूस उठून उभा राहिला. तिथे उभं राहायची परवानगी नसते. दोन शिपाई धावले. मी मान वर केली नाही वन्सं, केली असती तर पुढचं वाक्य आलं नसतं. “तो इथेच आहे,” एवढं म्हणाले आणि बसले. त्याने आपलं नाव आपण होऊन सांगितलं, असं नंतर कळलं.

मग गृहमंत्री उठले. अगदी हळू आवाजात, फार दुःख झाल्यासारखे म्हणाले, “परक्याला पूर्ण संरक्षण कशासाठी लागतं, असं विरोधी पक्ष महिनाभर विचारत होता. माननीय सदस्यांनी आज उत्तर दिलं. आपल्या एका भाषणाने निरपराध पाहुण्याच्या बरगड्या मोडतात, म्हणून सहावं कलम लागतं.” त्यांचं वाक्य खरं होतं. मीच त्यांना आयतं दिलं होतं.

करार मंजूर झाला. मित्रपक्ष परत फिरले. तीन पंच आता आपल्या गोदीचा निकाल परदेशात बसून लावणार, आणि तरीही मी म्हणते की तो करार वाईट आहे. पण माझ्या तोंडून ते आता कोण ऐकेल? खोटं मागे घेतलं त्याबरोबर खरंही हातचं गेलं. प्रतोदांनी मला नोटीस दिली आहे. गावात काय म्हणतात ते लिहू नकोस, अंदाज आहे.

धाकट्याला उद्या तिकडे आणतील. मला गाडीपर्यंतही जाऊ दिलं नाही. त्याला संध्याकाळच्या गारव्यात कानाला त्रास होतो, चौकीत कुणाला तरी सांग.

मला घरी यायचं आहे. येऊ का?

तुझी,
वहिनी

*

७ मार्च

वहिनी,

हे काय विचारणं झालं? ये. दुकानाच्या भिंतीवर कुणीतरी तुझ्या नावाने नको ते लिहून ठेवलंय. मी रॉकेलने पुसलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. लिहिणाऱ्याचा रंग आधी संपतो की माझं रॉकेल, बघू. तू आलीस की निम्मी भिंत तुझ्याकडे.

लंबू सुटला. त्याच्या कंपनीने त्याला परत बोलावून घेतलं. जाण्याआधी दुकानात आला, अंगाला पट्टे बांधलेले. हे उठून उभे राहिले. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, त्यामुळे फारच छान गप्पा झाल्या. तुझ्या वतीने मी माफी मागितली. त्याला कळली की नाही माहीत नाही. मान डोलावली. पण हसला नाही, आणि ते मला बरोबर वाटलं. झालं गेलं विसरावं एवढं थोडं नव्हतं ते.

गोदीवर कंपनीचं कुंपण पडायला लागलंय. क्रेनवाल्यांना बोलावलंय, दोन डोळेवाल्यांना. हे घरी कड्या ठोकतात. पहिल्या दिवशी दांडा हातात घेतला तेव्हा मी दुसऱ्या खोलीत गेले. हे म्हणाले, अगं, लोखंडाचा काय दोष?

काल धाकट्याला ओळखायला मला चौकीत बोलावलं होतं. हे नको म्हणत होते, मी एकटीच गेले. त्याला आणून समोर बसवलं. दाढी कुणीतरी करून दिली होती, त्यामुळे अगदी लहान दिसत होता. कानाचं सांगितलं शिपायाला, त्याने खिडकी लावून घेतली. धाकट्याने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. जमिनीकडे बघत होता.

साहेबांनी लिहायला घेतलं. तुम्ही याला घटनेच्या वेळी पाहिलं? पाहिलं. हाच होता? हाच. आधी ओळखलं नाही असं का सांगितलं? खोटं सांगितलं, मी म्हटलं, काय शिक्षा असेल ती मलाही लावा. ते लिहीत राहिले. मग म्हणाले, आरोपीशी तुमचं नातं काय?

मी म्हटलं, भाऊ.

सख्खा?

सख्खा.

तेव्हा त्याने मान वर केली. मी त्याच्याकडे पाहत होते, तशीच पाहत राहिले, आणि साहेबांनी दाखवलेल्या जागी सही केली.

तुझी,
वन्सं